चिठ्ठ्यांचा हिशेब

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कुमारवयीन मुलांच्या ‘डिस्टोपियन’, म्हणजे भविष्यातल्या जुलमी जगाच्या, कादंबऱ्यांवर लेख आला होता. ही परदेशी पुस्तकं मुलांच्या डोक्यात निराशा भरतात, मारामारीची चटक लावतात आणि खपतात ती सिनेमांमुळे, असा एकूण सूर. लेख मी दोनदा वाचला. लेखकांनी यातलं एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल का, ही शंका पहिल्या वाचनात आली. दुसऱ्या वाचनात ती गेली नाही.

मी इचलकरंजीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या खिडकीत बसून कोण काय नेतं आणि किती दिवसांनी परत आणतं एवढं मला कळतं. बालमानसशास्त्र मला येत नाही, तेव्हा खिडकीतून दिसलं तेवढंच लिहिते.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’चे तीन भाग आम्हाला एका सभासदाच्या परदेशातल्या मुलानं दिले. पहिला २००८ चा, पुढचे दोन त्यानंतरच्या दोन वर्षांतले. दोन वर्षं ते इंग्रजीच्या कपाटात पडून होते. मग नववीतल्या एका मुलीनं पहिला भाग नेला. सेमी इंग्रजीवाली. वडील यंत्रमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मुदत तिनं दोनदा वाढवून घेतली. मला वाटलं, झेपत नसेल, लाजेनं परत करत नसेल. तिसऱ्यांदा आली ती पुस्तक उघडूनच. आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती तिनं अलगद सोडवली होती (यासाठी मी नंतर रागावले) आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं गणित मांडलं होतं.

“मॅडम, मी हिशेब काढलोय. बरोबर आहे का बघा की.”

कथेतल्या पॅनेम देशात एक राजधानी आणि तिच्या ताब्यातले बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून काढायची. या चोवीस जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचं आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघायचं. इतकं आपल्या लेखातही होतं. चिठ्ठ्या कशा पडतात, ते मात्र लेखात नव्हतं. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशा वाढत अठराव्या वर्षी सात. पण घरात खायला नसेल, तर मुलानं स्वतःच्या नावाची जादा चिठ्ठी टाकायची. त्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल मिळतं. घरातल्या जितक्या माणसांसाठी धान्य हवं तितक्या चिठ्ठ्या, आणि एकदा पडलेली चिठ्ठी पुढच्या वर्षी बाहेर निघत नाही, साठतच जाते. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. घरात ती, आई आणि धाकटी बहीण प्रिम. दरवर्षी नियमाची एक आणि धान्याच्या तीन, मिळून चार. पाच वर्षांच्या वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच तोंडं. सहा सत्ते बेचाळीस. महापौरांची मुलगी कॅटनिसच्याच वर्गातली. तिच्या पाच.

तारखांच्या चिठ्ठीमागं हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले होते : २०, ४२, ५. पाचाभोवती गोल.

मी म्हटलं, बरोबर आहे. तर म्हणाली, “म्हणजे रेशन घेतलं की चिठ्ठ्या वाढतात. आणि वरनं म्हणायचं, नशिबानं नाव निघालं.”

रेशन तिला चांगलं ठाऊक आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो. आईच्या बोटांवरच्या रेषा सुतानं झिजल्यात, मशीनवर अंगठा उमटत नाही, म्हणून दुकानाच्या रांगेत पिशव्या घेऊन हीच उभी राहते. दहा पानांची नेमबाजी आणि पळापळ तिच्या लक्षात राहिली की नाही कोण जाणे, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आणि मारामारीच्या चटकेबद्दल बोलायचं, तर खेळ सुरू व्हायलाच पहिल्या भागाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मजकूर संपावा लागतो. तोवर भूक, भाकरी, शिकार, बाजार आणि या चिठ्ठ्या. पॅनेम हे नावच भाकरीच्या लॅटिन शब्दावरून घेतलंय.

प्रिमचं पहिलंच वर्ष असतं. तिच्या नावाची एकच चिठ्ठी, आणि नेमकी तीच निघते. हे लेखिकेनं मुद्दाम केलंय असं मला वाटतं. नाहीतर मुलांनी हिशेब मांडला असता आणि हिशेबावर विसंबून राहिली असती.

दुसरा भाग तिनं आठ दिवसांत परत आणला. खिडकीत टेकून म्हणाली, “ह्यात आपलं गाव आहे.” मला वाटलं चेष्टा करतेय. पण आहे. पॅनेमचा आठवा जिल्हा कापडाचा. तिथल्या गिरण्यांतून आधी कुजबूज सुरू होते आणि मग उठाव. यंत्रांच्या आवाजात कुणी चोरून ऐकू शकत नाही, म्हणून माणसं कानाशी तोंड नेऊन एकमेकांना निरोप सांगतात. ते पान मी तिथंच उभ्यानं वाचलं. माझे वडील चाळीस वर्षं मागावर होते. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे आणि घरात ते ओरडूनच बोलत. मागाच्या खात्यात मात्र देखरेख करणारा जॉबर लांबून नुसते ओठ हलवायचा आणि वडिलांना सगळं समजायचं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आमच्या किती पिढ्या अशा ओठांवरून बोलल्या असतील. अमेरिकेतल्या एका बाईला हे कुठून सुचलं, मला माहीत नाही. पण नववीतली मुलगी एखाद्या पुस्तकात आपलं गाव बघते, तेव्हा तिला निराशा आली असं कसं म्हणायचं? ती तर आनंदानं सांगत होती.

काही वाचक लगेच म्हणतील, चिठ्ठ्या म्हणजे दहावी, अकरावीची कटऑफ लिस्ट. असेलही. नीटची तयारी करणारा एक मुलगा तसं बोललाही होता. पण हे साम्य फार पटकन सुचतं आणि मग पुस्तक वाचायचं राहून जातं.

आता ‘परदेशी निराशे’विषयी. आपण पाच वर्षांच्या पोराला बकासुराची गोष्ट सांगतो. एकचक्रा नगरी, रोज एका घराची पाळी, गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. सांगताना आपण घाईघाईनं भीमावर येतो. तो गाड्यावर बसून भात कसा चापतो, पाठीत गुद्दे बसले तरी कसा खात राहतो, इथं पोरं खदखदून हसतात. महाभारतात मात्र आधी त्या ब्राह्मणाचं घर आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी. मुलगी म्हणते, मला कधीतरी घराबाहेर द्यायचीच आहे, तर आत्ताच द्या. आणि बोबडं बोलणारा धाकटा गवताची काडी उचलून म्हणतो, ह्यानं मी राक्षसाला मारतो. रडणारी माणसं तेवढ्यापुरती हसतात. लहानपणी आजीनं ही काडी मला सांगितली होती. भीमाचं बळ पुढं विसरायला झालं, काडी राहिली. प्रिमचं नाव निघतं, तिची बहीण तिच्या जागी पुढं होते, ते वाचताना मला तीच काडी आठवली. स्वतः कॉलिन्सबाई आपल्या गोष्टीचं मूळ म्हणून थीसियसची ग्रीक कथा सांगतात. अथेन्सनं सात मुलगे आणि सात मुली मिनोटॉर या बैलतोंड्या राक्षसाला पाठवायच्या, ती. शिवाय एका रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराकचं युद्ध दिसलं आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागलं, असंही त्यांनी सांगितलंय. मुलांची पाळी लावणारी गोष्ट अथेन्सची आहे आणि एकचक्रेचीही. ती कुणी बाहेरून आणून आपल्या मुलांच्या गळी उतरवलेली नाही.

अशी पुस्तकं वाचून मुलं हातपाय गाळून बसतात, हेही लेखात होतं. थायलंडमध्ये २०१४ साली लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा तिथल्या तरुणांनी याच कथेतली तीन बोटं वर करायची खूण रस्त्यावर आणली आणि त्यासाठी काहींना पोलिसांनी उचललं. २०२१ मध्ये म्यानमारमध्येही तीच बोटं दिसली. पुस्तकात ती खूण आभाराची आहे, आपल्या माणसाला निरोप देतानाची.

सगळीच पुस्तकं चांगली आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘हंगर गेम्स’ चालल्यावर त्याच साच्याची किती आली! दोन मुलांत अडकलेली एक मुलगी, एक दुष्ट सरकार आणि तीन भाग. ‘डायव्हर्जंट’मध्ये सोळाव्या वर्षी पाच गटांतून एक निवडायचा असतो. मला ते ओढूनताणून वाटलं, पण मुली त्यावरून तासभर भांडतात. कोण कुठल्या गटातली, यावर. लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’ (१९९३) या सगळ्यांच्या आधीचं आणि माझ्या मते सर्वांत चांगलं. तिथं बाराव्या वर्षी वडीलधारी मंडळी प्रत्येक मुलाला कायमचं काम नेमून देतात आणि कुणालाच रंग दिसत नाहीत. नायकाला पहिल्यांदा लाल रंग दिसतो तो सफरचंदात, क्षणभरच. एकही मारामारी नाही. आमच्याकडे ते फारसं जात नाही, हेही सांगून टाकते.

लेखकांनी लिहिण्यासारखं खरं दुखणं वेगळं होतं. आमच्या बालविभागात चौदाव्या वर्षापर्यंतची पुस्तकं आहेत. पंधराव्या वर्षी मुलगी थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांच्या कपाटाशी येते. मधे काय? मी विज्ञानकथेकडे आले ती जयंत नारळीकरांमुळे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी १९७४ साली टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवली होती, हे मी आजही मुलांना रंगवून सांगते. पण मला आठवतात त्या आपल्या विज्ञानकथांत संकट सोडवणारे बहुतेक मोठे असतात, डॉक्टर, प्राध्यापक, शास्त्रज्ञ. पंधरा वर्षांची, रेशनच्या रांगेत उभी राहणारी मुलगी मधोमध ठेवून भविष्यातली इचलकरंजी कुणी लिहिली, तर मी तिच्या पाच प्रती घेईन. अनुदान वेळेवर आलं तर. आणि आपल्या पुरवणीत महिन्यातून एक चौकट या वयाच्या पुस्तकांना मिळाली, तर ती कापून मी नोटीस बोर्डावर लावीन.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिसरा भाग तिनं अर्धवट परत केला, म्हणाली, परीक्षेनंतर. हिशेबाची चिठ्ठी मी पुन्हा चिकटवली, पण आकडे वर येतील अशी. त्यामुळे आता तारखा दुसऱ्या कागदावर टाकाव्या लागतात.

आपल्या लेखकांना पहिला भाग वाचायचा असेल तर तो सध्या बाहेर आहे आणि मागणी वहीत तीन नावं आहेत. चौथं त्यांचं लावून ठेवते. आमच्याकडे प्रत्येकाचं नाव एकदाच लिहितात.

हे पत्र वाचनालयाच्या कार्यकारिणीला विचारून लिहिलेलं नाही, तेव्हा कृपया नाव छापू नये.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, इचलकरंजी