जुन्या गाड्या फक्त रॅलीपुरत्याच का?

महोदय,

दिवाळीनंतर आम्ही उभयता नाशिकहून इंदूरला जाऊन आलो, तेही १९६७ च्या एमजीबी या उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधून. गाडी कारखान्यातून आली तशीच आहे: १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. पॉवर स्टीअरिंग नाही, एसीचं तर नावच नको. पहाटे चोक ओढून सुरू केली, कापडी छत खाली केलं आणि आग्रा रोडला लागलो. चांदवड सोडलं की राहूड घाट. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की एक्झॉस्ट असा फुटफुटतो म्हणून सांगू! (सौभाग्यवतींच्या मते हा आवाज मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतो.) मालेगावच्या टपरीवर नेहमीचा प्रश्न आलाच, "काका, ॲव्हरेज किती देते?"

आता मुद्दा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा मोजक्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. इंदूरला मावशीकडे जेवायला जाणं त्यात बसत नाही! म्हणून मी त्या वाटेला गेलोच नाही. उभ्या गाडीत कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. सरकारने अशा गाड्यांना वर्षाकाठी ठरावीक किलोमीटरची मुभा द्यावी. आणि वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. महामार्गावर इथेनॉलविरहित पेट्रोलही मिळायला हवं.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक