मकरपुऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार

मंगळवारी दुपारी मकरपुरा जीआयडीसीजवळ (गुजरातची औद्योगिक वसाहत) टँकरचा व्हॉल्व्ह गळायला लागला, तेव्हा मी आणि आई अगदी मागच्याच रिक्षात होतो. पांढरा धूर, नाकात झिणझिण्या, आईला ठसका. लोक मोबाईल काढून पुढे सरसावले (आपल्या बडोद्यात तमाशाला गर्दी कमी पडत नाही).

कॉलेजची बॅग अडकवलेल्या एका मुलीने लांबूनच टँकरवरच्या केशरी पाटीवरचा रसायन ओळखायचा आकडा वाचला: १७८९. म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ती ओरडली, "वारा जिकडून येतोय तिकडे चला, खाली वाकू नका!" ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. रिक्षावाल्या काकांनी भाडं विसरून आईला उचलूनच वाऱ्याच्या बाजूला नेलं. ताई, तू कोण आहेस माहीत नाही, पण केमिस्ट्रीत पैकीच्या पैकी!

पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांनी गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घातला. नाहीतर ॲसिड नाल्यातून थेट विश्वामित्री नदीत, मगरींच्या दारात. मग अग्निशमनचे जवान आले. मास्क लावून व्हॉल्व्ह बंद केला, सांडलेल्यावर चुना पसरला. तो फसफसून उकळत होता. वाफ दाबायला पाण्याचे फवारे चालूच.

टँकरच्या ड्रायव्हरदादांचेही आभार. पळून न जाता कागद हातात घेऊन जवानांना माहिती देत उभे होते.

आईचा खोकला आता थांबलाय. रिक्षावाले काका, तुमचं भाडं राहिलंय. दांडिया बाजारात कधीही या, चहासकट देईन.