देलाक्रुआचे सिंह आणि वाघ

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

फ्रेंच चित्रकार देलाक्रुआच्या चित्रांत जनावरे येतात ती केवळ रक्तपाताची हौस भागवण्यासाठी, हे तुझ्या पत्रातले मत मला मुळीच पटलेले नाही आणि ते का, हे सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्याची ‘सिंहाची शिकार’ घे. फ्रेंच सरकारने १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी करवून घेतलेले हे भव्य तैलचित्र पुढे बोर्दोला गेले आणि १८७० च्या आगीत त्याचा वरचा भाग नष्ट झाला. चित्रकार ओदिलाँ रेदाँने त्याआधीच नक्कल करून ठेवली होती, म्हणून मूळ मांडणी निदान कळते तरी. पण उरलेला भाग पाहा. वरची सगळी रचना गेली, तरी चित्र कोलमडलेले नाही, कारण त्याचा भार खालच्या बाजूला, सिंह आणि घोड्यांच्या झटापटीत आहे. जनावरे निव्वळ निमित्तमात्र असती, तर त्यांना तो पेलला नसता.

ही ताकद अभ्यासातून आलेली आहे. शिल्पकार बारी आणि तो पॅरिसच्या झार्दँ दे प्लांत या वनस्पती उद्यानातल्या प्राणिसंग्रहात जाऊन रेखाटने करीत. तिथला सिंह मेल्याचे कळताच देलाक्रुआने बारीला तातडीची चिठ्ठी पाठवून बोलावून घेतले आणि सोललेल्या सिंहाचे स्नायू दोघांनी जवळून न्याहाळले.

माझे खरे प्रेम मात्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या त्याच्या १८३० च्या चित्रावर आहे. वाघीण ऐसपैस पहुडली आहे, तिच्या अंगाला रेलून बच्चा खेळतो आहे, मागे उजाड डोंगर आहेत, बस्स, एवढेच! शिकारी नाही, शिकार नाही, कुठली पुराणकथा नाही. आणि तरीही कॅनव्हास जवळजवळ दोन मीटर रुंद! एवढा विस्तार त्या काळी राजे, देवदूत आणि लढाया यांच्यासाठी राखलेला असे. तो देलाक्रुआने दोन वाघांना दिला, आणि मला हे त्याच्या साऱ्या रणधुमाळीपेक्षा अधिक धाडसाचे वाटते. वाघिणीचे अंग सैल पडलेले आहे, पण कातडीखालचा दमदारपणा जराही लपत नाही. मनात आणले तर ती क्षणात उठेल, हे तिच्या खांद्यांवरूनच कळते.

रक्ताचा थेंबही नसलेले हे चित्र तुझ्या मतात कुठे बसते, ते मला सांग. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
विनायक