चार्ट आधी मापात आण, मग चिकटव

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. अहवालात एक चार्ट मोठा, दुसरा छोटा, एकाचे आकडे ठसठशीत तर दुसऱ्याचे भिंग लावून वाचावे लागतात, हे वाचून हसूच आलं. वर्डमध्ये चार्टचा कोपरा धरून ओढत बसलेला तू डोळ्यांसमोर उभा राहिलास. ते ओढणं आधी बंद कर. चार्टचं माप ठरवायचं ते एक्सेलमध्ये. वर्डमध्ये तो फक्त आणून ठेवायचा.

सुरुवात कागदापासून कर. ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद. वर्डचं नेहमीचं मार्जिन दोन्ही बाजूंना २.५४, म्हणजे मजकुराला उरतात १५.९२ सेंटीमीटर. लिब्रेऑफिस रायटर वापरत असशील तर तिथे मार्जिन २ सेंटीमीटरचं असतं, म्हणून १७ मिळतात. तुझ्या फाइलमध्ये कोणी मार्जिन बदललं असेल तर तेवढी वजाबाकी करून घे. हा आकडा हाती आला की एक्सेलमध्ये चार्टवर क्लिक कर, वर 'फॉरमॅट' टॅब उघडेल, त्याच्या उजव्या टोकाला उंची आणि रुंदीच्या दोन चौकटी असतात. तिथे रुंदी सरळ टाइप कर. मी १५.५ ठेवतो, उंची ८ ते ९. सगळे चार्ट एकाच मापाचे हवे असतील तर कंट्रोल दाबून एकेक निवडायचे आणि माप एकदाच भरायचं. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये चार्टवर एकदाच क्लिक करून एफ-४ दाब, माप भरायची खिडकी उघडेल. डबल क्लिक केलंस तर चार्टच्या आतच शिरशील.

आता तुझे आकडे बारीक का होतात ते सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. एक्सेलमध्ये चार्ट लहान-मोठा केला तरी अक्षरांचा पॉइंट, म्हणजे आकार, बदलत नाही. ९ पॉइंट ते ९ पॉइंटच राहतात, फक्त आतले दांडे आणि रेषा आक्रसतात. पण तोच चार्ट चित्र म्हणून पेस्ट केलास की अक्षरंही चित्राचा भाग होतात. समज, स्क्रीनवर छान दिसतो म्हणून तू चार्ट २४ सेंटीमीटर रुंद ठेवलास आणि वर्डमध्ये तो १६ वर आणलास. सगळं दोन तृतीयांश झालं, म्हणजे अक्षांवरचे ९ पॉइंटचे आकडे ६ पॉइंटचे झाले. शेजारचा चार्ट मुळातच १६ चा होता, त्याचे ९ तसेच राहिले. तुझी सगळी तक्रार एवढ्यातच आली! आणि कोपऱ्याऐवजी बाजूचा ठिपका ओढलास तर चित्रातला पाय चार्ट लंबगोल होतो, ते वेगळंच.

माप बसलं की आतली गर्दी कमी कर. उजवीकडचं लेजंड, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणारी यादी, खाली घे, बरीच रुंदी मोकळी होते. चार्टमधलं शीर्षक काढून टाक. खाली कॅप्शन देणारच आहेस ना, मग तेच दोनदा कशाला? भोवतीची चौकटही मला अजिबात आवडत नाही, पण तो तुझ्या आवडीचा प्रश्न.

पेस्ट करताना मात्र घाई करू नकोस. नुसतं कंट्रोल-व्ही दाबलंस की वर्ड सहसा चार्ट मूळ फाइलला जोडून ठेवतो. उद्या ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली की आकडे अपडेट होणं थांबतं. 'एम्बेड' निवडलंस तर चार्टबरोबर अख्खं वर्कबुक डॉक्युमेंटमध्ये जातं, त्यातल्या दुसऱ्या शीट्सवरचे पगाराचे आकडेसुद्धा! अहवाल बाहेर जाणार असेल तर मी चित्रच टाकतो. आकडे अजून बदलायचे असतील तोवर जोडलेला चार्ट ठेव, शेवटच्या प्रतीत चित्र कर.

तू लिहिलंयस ना की एका चार्टची नुसती खालची पट्टी दिसते, बाकी गायब. तिथे चार्टचा काही दोष नाही. त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' असणार, म्हणून वर्ड चित्राला एका ओळीएवढीच उंची देतोय. तेवढ्या परिच्छेदाला 'सिंगल' कर, पूर्ण चार्ट दिसेल. रॅपिंग, म्हणजे चित्र मजकुरात कसं बसायचं ती सेटिंग, 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेव, म्हणजे वर दोन ओळी वाढल्या तरी चार्ट मजकुराबरोबर खाली सरकेल, भलतीकडे तरंगणार नाही. आणि चार्टच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लाव, नाहीतर चार्ट एका पानावर आणि कॅप्शन दुसऱ्यावर.

सगळं झालं की पीडीएफ काढून १०० टक्क्यांवर बघ, आणि काही खटकलं तर ती पीडीएफ मलाही धाड. बाकी भेटीत बोलू.

तुझा,
नितीन