मोरोक्कन मसाल्यातली भरली वांगी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगताना प्रमाणं निसटतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

साधारण 300 ग्रॅमची दोन मोठी वांगी घ्या आणि देठासकट उभी चिरा. देठ काढलं की भाजताना वांगं फाकतं आणि सारण बाहेर येतं. गरावर आडव्या-उभ्या चिरा द्या, पण साल कापू नका. अर्धा चमचा मीठ चोळून 20 मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या. कच्चा गर स्पंजासारखा तेल पितो. पाणी सुटून तो बसला की कमी तेलात भागतं. मग दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल लावून, कापलेली बाजू खाली ठेवून 200 अंशांवर 40 मिनिटं भाजा.

इथे घाई नको. पाठीवर बोट दाबल्यावर खळगा पडला तरच बाहेर काढा. चिवट राहिलेलं वांगं भरून परत भाजलं तरी फारसं सुधारत नाही. कडेला एक सेंटिमीटर भिंत ठेवून गर काढा आणि चिरा.

मोरोक्कोत ‘रास अल हानूत’ नावाचा मसाला असतो. नावाचा अर्थ ‘दुकानाचं शिर’, म्हणजे दुकानातलं सर्वोत्तम. प्रत्येक दुकानदाराचं मिश्रण वेगळं, म्हणून आपण आपलं केलेलं चालतं: जिरेपूड, धणेपूड आणि पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) एकेक लहान चमचा, सुंठ अर्धा, हळद, मिरपूड आणि दालचिनी पाव-पाव. दालचिनी वाढवू नका, सारण कडवट होतं.

एक कांदा मऊ परता, दोन लसूण पाकळ्या घाला. आच मंद करून मसाले, सगळ्यात शेवटी पाप्रिका. ती पटकन करपते, म्हणून लगेच किसलेला टोमॅटो हवा. तो आटला की गर, वाटीभर शिजवलेले काबुली चणे आणि दोन चमचे भिजवलेले बेदाणे. बाबा, चणे निम्मे ठेचून घ्या: सारण मिळून येतं आणि चावायलाही सोपं. मीठ चाखूनच घाला, वांग्यात आधीच आहे.

भरून, झाकून 180 अंशांवर 15 मिनिटं. वरून लिंबू, कोथिंबीर, पुदिना आणि भाजलेल्या बदामाचे काप. ते आधी घातले तर मऊ पडतात.

आई, शेवटी तुपाची धार सोडायचा मोह होईल, पण हा पदार्थ पूर्ण वीगन आहे, दहीसुद्धा नको. त्याऐवजी दोन चमचे ताहिनीत, म्हणजे तिळाच्या पातळ वाटणात, एक चमचा लिंबाचा रस घाला. ताहिनी खरं तर मोरोक्कोची नव्हे, पण इथे फार छान जुळते. रस पडताच ती घट्ट गोळा होईल; टाकून देऊ नका. चमचा-चमचा गार पाणी घालत ढवळा, पांढरी आणि सैल होईल.

तुमची लेक