आत्या, जूनटीन्थ आमच्या घरी झाला तो तुमच्यामुळे!

प्रिय आत्या,

हे मुद्दाम मराठीत लिहितेय, साताऱ्याला आईबाबांनी, मावश्यांनी, सगळ्यांनी वाचावं म्हणून. तुम्हाला लेक इंग्रजीत वाचून दाखवेल. यंदा जूनटीन्थला, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीची आठवण ठेवतात त्या १९ जूनला, सगळं कुटुंब ह्यूस्टनला आमच्याकडे जमलं, आणि ते जमलं ते तुम्ही पाठीशी उभ्या राहिलात म्हणूनच.

आधी ब्रिस्केट, म्हणजे धुरावर मंद शिजवलेलं बीफ. आदल्या रात्री तुम्ही बॅकयार्डात स्मोकरशेजारी खुर्ची टाकून बसलात, ओकची लाकडं एकेक करून आत सारत होतात, आच वाढवायची नाही घाई करायची नाही म्हणत मलाही शेजारी बसवून घेतलंत आणि सगळं हाताने करायला लावलंत. आणि ते लाल सरबत, अहाहा! लाल अंबाडीची बोंडं, आलं, लवंग. जूनटीन्थला लाल काहीतरी हवंच, कलिंगड, रेड व्हेल्वेट केक, हॉट लिंक्स म्हणजे तिखट सॉसेज, लाल सोडा, एवढं मला माहीत होतं, पण अंबाडीचं आणि कोला नावाच्या फळाच्या बियांचं लाल पेय पार पश्चिम आफ्रिकेपासून चालत आलंय आणि हा रंग सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणूनही धरतात, हे तुम्ही पातेलं ढवळता ढवळता सांगितलंत. आमच्याकडे अंबाडीची भाजी आणि भाकरी, त्यामुळे आईला फोनवर सांगितलं तर तिला केवढा आनंद झाला!

पण माझे खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. जेवणाआधी तुम्ही सगळ्या पोरांना गोळा केलंत आणि उत्तरेच्या फौजेतल्या जनरल ग्रेंजरने १८६५ साली टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला काढलेला तो तिसऱ्या नंबरचा हुकूम अख्खा वाचायला लावलात. लोक पहिलं वाक्यच सांगतात, सगळे गुलाम आता स्वतंत्र आहेत, आणि थांबतात. तुम्ही पुढचंही सोडलं नाहीत, की आहात तिथेच गुपचूप राहा, मजुरीवर काम करा, रिकामं बसलात तर पोसणार नाही. माझ्या मुलाने विचारलं, यादवी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष लिंकनने तर १८६३ च्या १ जानेवारीलाच हे स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, मग अडीच वर्षं कसली? तुम्ही त्याला लहान म्हणून टाळलं नाहीत. टेक्सास लांब होतं, तिथे उत्तरेची फौज फारशी नव्हती, मालक लोक उलट गुलामांना इकडेच हलवत होते, आणि सैन्य आल्याशिवाय कागदावरच्या स्वातंत्र्याला कोण विचारतो. टेक्सासात गुलामीतली अडीच लाख माणसं! पोरं गप्प ऐकत होती. मला वाटतं मुलांना खरं सांगायचं ते असंच सांगावं, सणाच्या दिवशीच सांगावं.

मग घरातलं जुनं बायबल उघडून त्यात लिहिलेली पूर्वजांची नावं तुम्ही त्यांच्याकडूनच वाचून घेतलीत. पहिल्या काही नावांपुढे तारीख नाही, आडनावही नाही. लेकीने त्या नावांवरून हळूच बोट फिरवलं, ते मी कधी विसरणार नाही.

सकाळी पार्कात नेलंत त्याचेही आभार. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी रेव्हरंड जॅक येट्स वगैरे मंडळींच्या पुढाकाराने पैसे जमवून १८७२ ला दहा एकर जमीन घेतली, का तर आपला हा दिवस साजरा करायला आपली जागा हवी. इमॅन्सिपेशन पार्क. आमच्या घरापासून इतकं जवळ आणि पोरांना ते फक्त खेळायचं ग्राउंड वाटत होतं.

आणि बाबांचं. व्हिडिओ कॉलवर ते नुसतं नमस्कार करून ठेवणार होते, तुम्ही त्यांना थांबवून सगळ्यांशी बोलायला लावलंत. त्यांनी जोतीराव फुल्यांचं सांगितलं, की पार्क घेतल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ ला, त्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तुम्ही उठून उभ्या राहिलात, मग सगळे काका काकू उभे राहिले. बाबांना पुढे बोलताच येईना. माझं माहेर आणि सासर एका अंगणात असं कधी बसलं नव्हतं आत्या.

पुढच्या वर्षी हुकूम मी वाचणार असं लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय. तिची तयारी तुम्हीच करून घ्या, आणि सरबताचं पातेलं यंदापेक्षा मोठं आणा, दुपारीच संपलं होतं.

तुमची सून