स्वमतही पाठच करायचं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आजकालची मुलं विचारच करत नाहीत, नुसती मोबाइलमधे बुडालीत अशा अर्थाची पत्रं बऱ्याचदा वाचायला मिळतात म्हणून हे लिहितेय. मी पुण्यात सिंहगड रोड भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवते. मुलं विचार करत नाहीत हे मला अजिबात पटत नाही, आपण त्यांना तो करू देत नाही. मराठीच्या पेपरला स्वमताचा प्रश्न असतो, म्हणजे तुझं मत तुझ्या शब्दांत लिही, आणि ते स्वमतसुद्धा मुलं गाइडमधून पाठ करून येतात! क्लासवाले पाठ करून घेतात, घरचे म्हणतात मार्क जायला नकोत, बोर्डाच्या परीक्षेत रिस्क कशाला. आमच्या विषयात वेगळं काही नाही. उपाय सुचवा म्हटलं की हुंडा असो, कचरा असो, पाणीटंचाई असो, बहुतेक वह्यांमधे एकच उत्तर, जनजागृती करावी. आणि आम्ही त्याला मार्क देतो.

मागच्या वर्षी नववीत पाणीटंचाईवर बोलणं चाललं होतं. एका मुलानं कारण सांगितलं, लोक पाणी वाया घालवतात. मी विचारलं, तुझ्या घरी पाणी किती वेळ येतं? तर म्हणाला, दिवसाआड येतं मॅडम, थोडाच वेळ, ड्रम भरून ठेवतो. म्हणजे जो मुलगा ड्रममधलं पाणी पुरवून पुरवून अंघोळ करतो तोच लिहितोय की टंचाई लोकांमुळे होते, कारण तसं लिहिलं की मार्क मिळतात हे त्याला माहितीये. मग मी सगळ्यांना सांगितलं की घरी विचारून या, टँकर कोण मागवतं, कुठून भरून येतो, पैसे कोण देतं, पावती मिळते का. दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता पेटला होता. सोसायटीतली मुलं म्हणाली आमच्या मेंटेनन्समधून जातात, वस्तीतली म्हणाली आम्हाला कुणाकुणाला फोन करावे लागतात तेव्हा कुठे येतो, कुणीतरी ओरडलं टँकरवाले चोर आहेत. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली आमचा टँकर आहे, पप्पा पहाटेपासून भरायला लाइनीत असतात, डिझेलचे पैसे सुटायची मारामार असते, आम्ही चोर नाही. सगळे गप्प. मग एकानं विचारलं, मग चोर कोण? आणि दुसरा म्हणाला, चोर कुणीतरी असलाच पाहिजे का?

पुढचा सगळा तास आम्ही या एका वाक्यावर घालवला. २०२१ मधे २३ गावं महापालिकेत आली, त्यात आमच्या बाजूची किरकटवाडी, नांदेड, खडकवासला पण आली, पण गाव हद्दीत आलं म्हणजे पाइपलाइन आली असं होत नाही. बिल्डिंगला परवानगी देताना पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही देऊ असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलेलं असतं, ते कुठं जातं? २०२५ च्या जानेवारीत याच भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, दूषित पाण्यावर संशय होता, माणसं व्हेंटिलेटरवर गेली, आणि खडकवासला धरण आमच्या उशाला आहे! यातलं काय जनजागृतीनं सुटणार आहे सांगा.

असे प्रश्न विचारणं हे काही मी नवीन शोधलेलं नाही, आपल्या पुण्यातच हे होऊन गेलंय. १८४८, भिडेवाडा, मुलींची पहिली शाळा हे मुलांना रिकाम्या जागा भरा मधे येतं आणि पैकीच्या पैकी मिळतात. पण महात्मा फुल्यांनी १८८२ मधे हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, जे निवेदन दिलं त्यात त्यांनी सरळ हिशोब मांडला होता की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. पैसा येतो कुणाकडून आणि जातो कुणावर, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला नीट कळतो हो, मी वर्गात बघितलंय. आंबील ओढ्याचंही तसंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, माणसं वाहून गेली, मुलं कारण लिहितात अतिवृष्टी. पाऊस तर झालाच, पण ओढा किती रुंद होता, कुठे अरुंद झाला, काठावर राहायला लोक का आले हे कुणी विचारायचं?

काही पालक म्हणाले शाळेत राजकारण नको, वरूनही सांगण्यात आलं की आधी पोर्शन पूर्ण करा. मी कुठल्या पक्षाचं नाव घेत नाही, आणि नुसत्या शिव्या घालणं म्हणजे विचार करणं असंही मी मुलांना शिकवत नाही, व्हॉट्सअॅपवर ते रोज चालूच असतं. माझ्या वर्गात नियम आहे, ज्यानं पालिकेला दोष दिला त्यानं पुढचं पान पालिकेच्या इंजिनिअरच्या बाजूनं लिहायचं, त्यालाही बजेट असतं, उंचावरच्या भागात पाणी चढवायचं असतं. हे पान लिहिताना मुलांची खरी दमछाक होते, माहिती कमी पडतेय हे त्यांचं त्यांनाच कळतं आणि मग ती मधल्या सुट्टीत माझ्यामागे फिरतात.

माझी मागणी साधी आहे. दहावीला सामाजिक शास्त्रांत, म्हणजे इतिहास-भूगोलात, २० मार्क अंतर्गत असतात, त्यासाठीचे प्रोजेक्ट आज रेडिमेड विकत मिळतात, स्पायरल बाइंडिंगसकट. बोर्डानं त्यातले निम्मे तरी मार्क आपल्या भागातल्या एका प्रश्नाला द्यावेत, निदान दोन परस्परविरोधी बाजू मांडायच्या, माहिती कुठून मिळवली ते लिहायचं, आणि उत्तर नाही सापडलं तरी मार्क कापायचे नाहीत. आणि तुम्हालाही विनंती, पालिकेचं बजेट येतं तेव्हा कुठल्या भागातल्या पाण्यावर किती खर्च धरलाय याचा पूर्ण तक्ता पेपरमधे छापा, मी तो कापून वर्गात लावेन, मुलांना वाचायला मी शिकवते.

– एक शिक्षिका, धायरी, पुणे